टिटवी गप्प का बसली?

१

सोमवारी सकाळी उरुग्वेतल्या सारांदीच्या पंचक्रोशीत लोक दूध ओतून देत होते. रविवारच्या दुधाने गोठ्यांवरच्या थंड टाक्या काठोकाठ भरलेल्या, टँकरचा पत्ता नाही, आणि आज जरा दम धरा असं गाईंना काही कुणी सांगू शकत नाही. जानेवारीचं, म्हणजे तिकडच्या ऐन उन्हाळ्याचं ऊन सकाळीच डोक्यावर आलं होतं. शेवटी ज्याने त्याने आपापल्या टाकीचा नळ सोडला. चरांमधून पांढरं पाणी वाहत गेलं आणि दुपारपर्यंत सगळीकडे आंबूस वास सुटला.

टँकर निघाले नव्हते, कारण कुठल्या चालकाने कुठल्या गोठ्यावर जायचं हे सांगणारा 'ला कलांद्रिया' दूध संघाचा सर्व्हर रविवारी दुपारीच बसला होता. डिस्क भरली, डेटाबेस थांबला, आणि सोमवारच्या फेऱ्या लागल्याच नाहीत. आता डिस्क काही एका क्षणात भरत नाही. ती भरायला लागली की ओरडून सांगण्यासाठी संघाने एक राखणदार विकत घेतला होता. त्या साधनाचं नाव 'तेरो'. तेरो म्हणजे आपली टिटवी. उरुग्वेच्या माळरानावरही ती असते, आणि कुणी अंड्यांच्या जवळपास फिरकलं की तशीच कोकलत सुटते.

ही टिटवी बनवणारी कंपनी मोन्तेविदेओत एका दातांच्या दवाखान्याच्या वर तीन खोल्यांत होती. तिथे निबिया लारोसा नावाच्या बाई नोकरीला होत्या. टिटवी वापरणाऱ्या लोकांकडे जायचं, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि ती प्रोग्रामरच्या गळी उतरवायची, हे त्यांचं काम. वर्षानुवर्षं हेच करून त्या आता पार विटल्या होत्या. दुसऱ्याची कटकट ऐकण्यासाठी पगार मिळतो, हे लग्नापेक्षा बरं, असं त्या म्हणायच्या. पण तेही हल्ली हसू न येता म्हणायच्या.

कंपनीचा मालक गोन्सालो याने त्यांना बोलावून घेतलं.

"निबिया, सारांदीला जायचंय."

"पुन्हा? माझे पाय बघ कसे सुजलेत."

"पाय बसमध्ये ठेव. हे बघ, आपली चूक नाही. नोंद स्वच्छ आहे. टिटवी वेळेवर ओरडली, आणि ड्यूटीवरच्या माणसाने 'कळलं, बघतो' असं सांगून तिला गप्प केलं. स्वतःच्या फोनवरून. विल्मार ओलिवेरा."

"विल्मार?" निबियाबाई खुर्चीत नीट बसल्या. "अरे, तो घरातून निघताना तीनदा गॅस बघणारा माणूस आहे."

"यावेळी नाही बघितला. शुक्रवारी त्यांच्या संचालक मंडळाची बैठक आहे. तिथे उभं राहून एवढंच सांगायचं आणि परत यायचं. हा ग्राहक गेला तर आपण सगळे घरी बसू. ता?"

"ता," बरं म्हणावं तसं म्हणून बाई उठल्या.

जिन्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडून आवाज येत होता तो विल्मारचाच, पण ओळखू येईना इतका बसलेला.

"निबियाबाई, तुम्ही येताय असं कळलं. आईशपथ सांगतो, कसलाही अलार्म आला नाही. टिटवी ओरडलीच नाही हो."

२

दूध संघाच्या संगणक विभागात माणसं तीनच. प्रमुख एस्तेला बेंतांकूर, आणि तिच्या हाताखाली विल्मार आणि फाबियान. एस्तेला उंच, कोरड्या आवाजाची बाई. तिने 'माते' या तिकडच्या कडू चहाच्या भोपळ्यात हिरवी पत्ती भरली, थर्मासमधलं गरम पाणी ओतलं आणि नळी आधी स्वतः ओढली.

"मला वाईट वाटत नाही असं समजू नका," ती म्हणाली. "माझ्या लग्नात विल्मारने मांस भाजलंय. पण अध्यक्षांच्या स्वतःच्या गोठ्यातलं दूध ओतावं लागलं. त्यांना कुणाचं तरी डोकं हवंय."

"काढून टाकणार?"

"काढणार, आणि भरपाईही देणार नाहीत. धोका कळूनसुद्धा लपवला, म्हणजे गंभीर गैरवर्तन. त्या शिक्क्यावर त्याला या जिल्ह्यात बकऱ्यासुद्धा कुणी राखायला देणार नाही. पन्नाशी उलटलीय त्याची."

निबियाबाईंनी भोपळा हातात घेतला. घोट कडू होता आणि त्यांना तो कडूच हवा होता. सर्व्हरच्या खोलीत जाऊन त्यांनी भिंतीवरचा भोंगा वाजवून पाहिला. चांगला खणखणीत वाजला. कुणी उत्तर दिलं नाही तर आधी हा भोंगा वाजतो, मग सगळ्यांच्या फोनवर घंटा. पण उत्तर आलं की टिटवीला वाटतं, माणूस कामाला लागला, आणि ती गप्प बसते. रविवारी तेच झालं होतं.

"एस्तेला, विल्मारचा पासवर्ड आणखी कुणाला ठाऊक आहे?"

"मला." ती जराही अडखळली नाही. "सगळ्यांचे मला ठाऊक आहेत. पण उत्तर त्याच्या फोनवरून गेलंय. मी रविवारी सासूकडे होते, तिच्या घरात माझी मानसुद्धा मोकळी नसते."

"टिटवी आधी कधी चुकली होती?"

"उलट! गेले दोन महिने किती शहाणी झालीय ती. आधी दिवसभर नुसती कटकट. तुम्ही मागे आलात तेव्हा मी सूचना केली होती ना, की अलार्मसाठी वेगळी खिडकी कोण उघडतंय, आमच्या रोजच्या गप्पांच्या ग्रुपवरच पाठवा? तुम्ही केलंत. तेव्हापासून शांतता आहे. म्हणून तर तुम्हाला पैकीच्या पैकी गुण दिले."

ते गुण निबियाबाईंना आठवत होते. गोन्सालोने त्या दिवशी सगळ्यांसाठी क्रीमची बिस्किटं आणली होती.

"ता, आता पुरे," म्हणत त्यांनी भोपळा परत केला. एस्तेलाने दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"एक गोष्ट तुम्हाला कुणी सांगणार नाही. डिस्क आपोआप भरली नाही. रविवारी कुणीतरी एक भलं मोठं काम सुरू करून ठेवलं होतं. आणि ते विल्मारने केलेलं नव्हतं."

३

फाबियान तिशीतला, दाढी कोरलेला, बोलताना पेन उघडझाप करणारा. विल्मारची जागा रिकामी झाली तर ती त्यालाच मिळणार, हे संघाच्या फाटकावरच्या कुत्र्यालाही माहीत होतं.

"हो, मी सुरू केलं," तो म्हणाला. "सगळ्या वर्षाच्या दुधाचा हिशोब पुन्हा जुळवायचा होता. आठवड्यात केला असता तर सगळं हळू झालं असतं आणि एस्तेलाने मला सोललं असतं. म्हणून रविवारी, घरून."

"विल्मारला सांगितलंस?"

पेन थांबलं. "नाही."

"का?"

"बाई, तो दहा प्रश्न विचारतो. जागा मोजली का, परवानगी घेतली का. मी म्हटलं, जागा कमी पडली तर टिटवी ओरडेल, तो मला फोन करेल, मी काम थांबवेन. तिच्या भरवशावर तर निर्धास्त होतो. आणि ती ओरडली, नोंद आहे! त्याने मला एक फोन करायचा होता. एवढंच."

तो खोटं बोलत नव्हता. त्याची भीती खरी होती. पण भित्र्या माणसांनीही जगात बरंच काही केलेलं असतं, आणि निबियाबाईंनी ती शंका मनात ठेवली.

"टिटवीबद्दल तुझी काही तक्रार?"

"आता काही नाही. माझं म्हणणं तुम्ही ऐकलंत ना. ज्या अलार्मला उत्तर मिळालं तो ग्रुपमधून पुसून टाका, म्हणून मीच तुमच्या मागे लागलो होतो. सकाळी चहाच्या आधी लाल मेसेजांची रांग बघायची, आणि मग कळायचं की सगळं कधीच निस्तरलंय. उगाच छातीत धडधड. ता, ते बंद झालं, बरं झालं."

बाई दाराशी पोचल्या तेव्हा तो मागून म्हणाला, "आणि विल्मार झोपला होता, फोन दुसऱ्या खोलीत होता, असलं काही त्याने सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्याच वेळी तो आमच्याशी ग्रुपवर गप्पा मारत होता."

४

विल्मारचं घर रेल्वेच्या जुन्या रुळांपलीकडे होतं. त्याची बायको दार उघडून बाजूला झाली. तो मागच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली बसला होता. काखेत थर्मास, हातात भोपळा, आणि दोन्हींचा त्याला विसर पडलेला. चार दिवसांत माणूस असा खाली बसतो हे बघून निबियाबाईंना गलबलून आलं.

"तुमच्यावर राग नाही माझा," तो म्हणाला. "चांगलं साधन आहे. माझ्यासाठी तर किती सोपं केलंत. माझा एक हात भोपळ्यात, दुसऱ्या काखेत थर्मास. मोकळा असतो तो एक अंगठा. टिटवीला एका अंगठ्याने उत्तर देता यावं, ही सूचना माझीच. आठवतंय?"

"आठवतंय रे. रविवारी तुझा फोन कुठे होता?"

"माझ्याच हातात."

"दुसऱ्या कुणी घेतला होता? पोरांनी, मेव्हण्याने?"

"कुणी नाही."

"विल्मार, जरा विचार करून बोल. हो म्हणालास तर सुटशील."

"पण घेतला नव्हता ना कुणी." तो दमलेल्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहिला. "खोटं बोलून सुटलो तर उद्या कुणावर तरी येईल ते."

अशा माणसाला वाचवायचं तरी कसं, असं वाटून बाईंना त्याचा थोडा रागच आला. त्यांनी फोन मागितला. रविवार, एकोणतीस तारीख. महिन्याच्या एकोणतीसला घरोघरी बटाट्याच्या न्योकी होतात, त्यामुळे ग्रुपवर दुसरा विषय नव्हता.

'आज न्योकी कुणाकडे?' फाबियानने विचारलं होतं.

'माझ्याकडे. बायको सकाळपासून बटाटे कुस्करतेय,' विल्मार.

'ताटाखाली नाणं ठेव रे. गेल्या महिन्यात विसरलास म्हणून कुणाचीच पगारवाढ झाली नाही,' एस्तेला.

'माझ्यासाठी एक ताट काढून ठेव. संध्याकाळी येतो,' फाबियान.

'ता,' विल्मार.

त्यानंतर कुणी हसरा चेहरा टाकला होता, कुणी नाण्याचा फोटो. बाईंनी नोंदीतली वेळ ताडून पाहिली. टिटवीला उत्तर मिळालं ते नेमकं याच वेळी, याच गप्पांच्या मध्ये. अलार्मचा मेसेज कुठेच दिसत नव्हता, पण त्याने विल्मारची सुटका होत नव्हती. उत्तर मिळालेला अलार्म पुसलाच जातो.

म्हणजे माणूस जागा होता, फोन त्याच्या हातात होता, आणि तो स्वतःच हे कबूल करत होता. परक्या हाताची शक्यता संपली. आता दोनच उरल्या. एक तर टिटवी खोटं बोलत होती, नाहीतर समोर बसलेला हा माणूस.

"बाई," विल्मारने विचारलं, "मला वेड तर लागलं नाही ना? अलार्म आला, मी उत्तर दिलं, आणि मला आठवतच नाही, असं होतं का कधी?"

निबियाबाईंनी फोन त्याच्या हातात परत ठेवला.

५

बैठकीच्या आदल्या दिवशी त्या परत ऑफिसात आल्या तेव्हा प्रोग्रामर योआंद्री एकटाच होता. हा पोरगा क्यूबाचा; भाषा स्पॅनिशच, पण तिकडच्या वळणाची. मोन्तेविदेओत येऊन त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि त्यातला बराच काळ त्याने कानांवर हेडफोन चढवून काढला होता. टिटवीत गेल्या दोन महिन्यांत जे बदल झाले ते सगळे त्याच्या हातचे.

"मावशी, तोंड का असं? बसा, कॉफी देतो. तुमचं ते हिरवं गवत पिऊन माणूस आणखी दुःखी होतो."

"टिटवी खोटं बोलू शकते का रे?"

"नाही. मी पाच वेळा तपासलं. अलार्म गेला, विल्मारचं उत्तर आलं. उत्तर आल्याशिवाय ती लिहीतच नाही." त्याने पेला समोर ठेवून किटली तिरकी केली.

"आणि विल्मार खोटं बोलत नाही. ता, ता..."

योआंद्री ओतत राहिला.

"ता! अरे ता!"

कॉफी पेल्याच्या काठावरून बशीत, बशीतून टेबलावर आणि तिथून बाईंच्या मांडीवर आली. त्या किंचाळून उठल्या. योआंद्री फडकं शोधत गरागरा फिरला.

"मावशी, तुम्हीच 'ता, ता' म्हणत होतात! मला वाटलं, हो, चालू दे!"

"गाढवा, ता म्हणजे बास!"

"बास? ता म्हणजे 'कळलं' ना?"

"कळलं पण."

"मग सकाळी फोन ठेवताना 'ता' म्हणालात ते?"

"ते... चल, ठेवते."

"आणि गोन्सालो तुमच्यावर ओरडला, तुम्ही 'ता' म्हणून बाहेर आलात ते?"

"ते म्हणजे जाऊ दे, मरू दे." बाई स्कर्ट झटकत बोलत होत्या. "आम्ही जन्मल्यापासून म्हणतो रे ते. झालं म्हणजे ता, बरं म्हणजे ता, येतोस का म्हणजे ता, पोर रडलं तरी पाठीवर थोपटत ता, ता. त्यात काय एवढं..."

त्यांचा हात तसाच थांबला. मांडी भाजत होती, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. द्राक्षाच्या मांडवाखालचा फोन त्यांना दिसत होता. एका अंगठ्याने देता येईल असं उत्तर.

"योआंद्री," त्या हळूच म्हणाल्या, "टिटवीला तू कुठला 'ता' शिकवलास?"

तो फडकं हातात धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

तेवढ्यात दारातून गोन्सालोचा आवाज आला. तो कधीचा उभा होता कुणास ठाऊक.

"निबिया, मी काहीही ऐकलेलं नाही. तूही काही बोललेली नाहीस. उद्या तिथे तू एवढंच सांगशील की नोंद स्वच्छ आहे. दुसरं काही सांगितलंस तर सोमवारी इथे यायची तसदी घेऊ नकोस."

६

दूध संघाचे अध्यक्ष हेबर अरियागा हे जाड भुवयांचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ. टेबलाभोवती संचालक बसले होते, भिंतीशी एस्तेला आणि फाबियान, आणि दाराजवळच्या खुर्चीत, इस्त्री केलेला सदरा घालून, विल्मार. सगळ्यांना कॉफी मिळाली होती. विल्मारला कुणी विचारलं नव्हतं.

"बोला बाई, आटपा," अध्यक्ष म्हणाले. "तुमचं यंत्र ओरडलं की नाही?"

निबियाबाई उभ्या राहिल्या. गुडघा दुखत होता, आणि सोमवारचा विचार डोक्यातून जात नव्हता.

"ओरडलं. पण त्याआधी आज सकाळचं सांगते. आज सकाळी तुमच्या सर्व्हरवर पुन्हा धोक्याचा अलार्म आला. ड्यूटीवरच्या माणसाने 'कळलं, बघतो' असं उत्तर देऊन टिटवीला गप्प केलं. कुणालाही सांगितलं नाही."

अध्यक्षांची मूठ टेबलावर आदळली. "पुन्हा? कोण आहे तो हरामखोर?"

"हेबर अरियागा. स्वतःच्या फोनवरून."

अध्यक्ष लालबुंद होऊन उभे राहिले.

"साफ खोटं! कसलाही अलार्म आला नाही!"

दाराजवळ विल्मारने मान वर केली. सोमवारपासून तो हेच वाक्य ज्याला त्याला सांगत होता.

"साहेब, रागावू नका. अलार्म खोटा होता, आमच्या माणसाने सोडलेला," निबियाबाई म्हणाल्या. "सकाळी मी तुमची परवानगी घेतली, की टिटवीचा अनुभव घ्यायला आजच्या दिवस तुमचं नाव ड्यूटीवर घालते आणि तुम्हाला ग्रुपात घेते. ती घेतली होती ना?"

"घेतली होती. मग?"

"मग एस्तेलाने ग्रुपवर विचारलं, 'साहेब, बैठकीनंतर जेवायला मिलानेसा सांगू का?' तुम्ही काय लिहिलंत?"

अध्यक्षांनी खिशातून चष्मा काढला, फोन काढला, आणि एका बोटाने वर सरकवत गेले.

"ता," त्यांनी वाचलं.

"मिलानेसाला ता. पण एस्तेलाचा प्रश्न आणि तुमचा ता यांच्या मध्ये अलार्म येऊन उभा होता. टिटवीला मिलानेसा काय कळणार? ड्यूटीवरच्या माणसाने ता म्हटलं, म्हणजे त्याला कळलं. तिने उत्तर लिहून घेतलं, लाल मेसेज पुसला आणि ती झोपली. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं संपलं."

"काहीतरी लाल चमकलं खरं," अध्यक्ष पुटपुटले. "मला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला."

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

"रविवारी फाबियानने न्योकीचं ताट मागितलं. विल्मारने ता म्हटलं. त्याच क्षणी डिस्क भरत आल्याचा अलार्म आला. त्याने अलार्म पाहिला नाही, लपवला नाही. त्याने फक्त मित्राला जेवायला हो म्हटलं."

निबियाबाई पाणी प्यायल्या. पुढचं बोलणं त्यांना जड जात होतं.

"हे कुणी केलं म्हणाल तर इथल्या तिघांनी मिळून, आणि तिघांचंही काही चुकलेलं नाही. अलार्म गप्पांच्या ग्रुपवर यावेत, ही एस्तेलाची सूचना. उत्तर मिळालं की मेसेज पुसला जावा, ही फाबियानची. एका अंगठ्याने उत्तर देता यावं, ही विल्मारची. तिन्ही शहाण्या सूचना. मीच त्या ऐकल्या, मीच पुढे पोचवल्या. आमच्या प्रोग्रामरने विचारलं, इथली माणसं 'कळलं' कसं म्हणतात? मी म्हटलं, ता. तो परदेशातला पोरगा. आणखी काय काय म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण आपल्याला ते ऐकूच येत नाही. दोन महिने टिटवी शहाणी झाली म्हणून तुम्ही आम्हाला पैकीच्या पैकी गुण दिलेत. ती शहाणी झाली नव्हती. तुम्ही दर चार वाक्यांमागे तिचं तोंड दाबत होता. बारीकसारीक दुखणी आपोआप बरी झाली, म्हणून कुणाला कळलं नाही."

फाबियानने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. "मी त्याला काम सुरू केल्याचं सांगितलं असतं तर..." तो हातांमागूनच म्हणाला.

"ते तुझं तू बघ," एस्तेला त्याच्याकडे न बघता म्हणाली.

अध्यक्ष बसले. त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

"म्हणजे दोष कुणाचा?"

गोन्सालोने सांगितलेलं वाक्य निबियाबाईंच्या जिभेवर होतं. नोंद स्वच्छ आहे, एवढंच म्हणायचं होतं.

"आमच्या साधनाचा," त्या म्हणाल्या. "विल्मारचा नाही."

७

दुपारी, मिलानेसा खाऊन झाल्यावर, संगणक विभागात योआंद्रीला फोनच्या स्पीकरवर घेतलं. 'ता' काढून टाकायचा होता, आणि त्याच्या जागी या देशात कुणी सहज बोलणार नाही असा शब्द हवा होता. एस्तेलाने तीन सुचवले. तिन्ही फाबियानने दिवसातून दहादा वापरत असल्याचं सिद्ध केलं.

"अंडं," विल्मार म्हणाला. सकाळपासूनचा हा त्याचा पहिला शब्द. "टिटवीचंच आहे. गप्पा मारताना कोण उगाच अंडं म्हणतंय?"

सगळे हसले. विल्मारही हसला, पण त्याचे डोळे ओले होते आणि त्याने ते पुसले नाहीत.

"ठीक," फोनमधून योआंद्री म्हणाला. "उत्तर 'अंडं'. आणि मेसेज पुसायचा नाही, फक्त फिका करायचा. सगळ्यांना मान्य?"

"ता!" चौघे एका सुरात म्हणाले.

फोनमध्ये कीबोर्डची टकटक सुरू झाली आणि थांबली.

"कुठला ता?" योआंद्रीने विचारलं.

बसथांब्यावर निबियाबाई सावली शोधून बसल्या. गोन्सालोचा मेसेज येऊन पडला होता. 'सोमवारी ये. टेबल रिकामं करायला.' दूध संघाने टिटवी ठेवायची की काढायची हे अजून ठरवलं नव्हतं. गोन्सालोने मात्र ठरवलं होतं. बाईंना वाटलं होतं की असं काही वाचलं तर रडू येईल. तसं काही झालं नाही, नुसते पाय दुखत राहिले. त्यांनी 'ता' लिहिलं आणि पाठवलं. तो कुठला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

बस वळणावर दिसली तेव्हा विल्मार धावत आला. हातात फडक्यात बांधलेला डबा होता, बर्फासारखा गार.

"न्योकी. फाबियानसाठी काढून ठेवलेलं ताट. त्या दिवशी तो आलाच नाही, आणि नंतर... ते फ्रीझरमध्येच राहिलं. बायको म्हणाली, बाईंना दे." त्याने डबा त्यांच्या हातात ठेवला. "तुमचं काय झालं? मालक काय म्हणाले?"

"सोमवारपासून पायांना आराम."

विल्मारला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा पडला. बसचं दार उघडलं. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. विल्मारने निबियाबाईंचा खांदा धरला, दुसऱ्या हाताने पाठीवर हळूहळू थोपटलं, रडणाऱ्या लेकराला थोपटावं तसं.

"ता, बाई," तो म्हणाला. "ता, ता."

आणि तेव्हा मात्र, दुपारच्या उन्हात, पायरीवर एक पाय ठेवून, निबियाबाईंना रडू आलं.